समुद्राची अट नाही

मालदीवची वीजव्यवस्था अभ्यासायला आता विमानाचे तिकीट काढण्याची गरज उरलेली नाही. बंगळुरूच्या सिल्क बोर्डाजवळून उन्नत मार्गाला लागावे, टोल भरावा आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत उतरावे. मालदीवमध्ये माणसांची वस्ती असलेली सुमारे 187 बेटे आहेत आणि जवळपास प्रत्येक बेटाचे स्वतःचे डिझेलचे वीजघर आहे. राजधानी माले आणि तिचा परिसर स्टेल्को ही वीज कंपनी सांभाळते. दूरच्या बेटांपैकी बहुतेकांचा कारभार 2012 साली स्थापन झालेल्या फेनाका या कंपनीकडे आहे. एका बेटावर वीज उरली म्हणून ती सहजासहजी दुसऱ्या बेटाला देता येत नाही, कारण मध्ये समुद्र आहे. त्या बिचाऱ्यांचा नाइलाज आहे. आपले तसे नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. कुठलाही किनारा गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो. तरीही नीलाद्री रोडच्या दोन्ही बाजूंना बेटामागून बेट उभे आहे, आणि प्रत्येकाचे वीजघर वेगळे, दर वेगळा, मंत्रिमंडळ वेगळे. खाऱ्या पाण्याचा थेंब नसताना हे साधले आहे. या कर्तबगारीची नोंद घेणे हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य ठरते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी व्यवस्था थोडक्यात सांगितली पाहिजे. इथल्या फ्लॅटमध्ये दोन प्रकारची वीज येते. एक ‘ईबी’, म्हणजे बाहेरची. दुसरी ‘डीजी’, म्हणजे आपली. मीटर एकच, त्यात रकाने दोन. बाहेरची लाइट गेली की तळघरातले पॅनल ते आपोआप ओळखते, जनरेटरला उठवते आणि आठ-दहा सेकंदांत सगळे पूर्ववत होते. मागच्या गणपतीत क्लबहाउसमध्ये आरती ऐन रंगात आली असताना लाइट गेली. टाळ्या थांबल्या नाहीत, झांज थांबली नाही, कोणी ‘अरे!’सुद्धा म्हणाले नाही. अंधारात दोन ओळी झाल्या, खालून घरघर सुरू झाली आणि मखराच्या माळा पुन्हा लुकलुकू लागल्या. दारातल्या वॉचमनने तेवढे ‘करंट होय्तु’ म्हणत वहीत वेळ टिपली. सोलापूर-साताऱ्याकडे लहानपण गेलेल्यांना आठवत असेल, लाइट गेली की सगळी आळी ओट्यावर यायची. ‘तुमच्याकडे पण गेली का?’ हे विचारायला शेजारी लागायचे. आता ती सगळी माहिती पॅनलला असते.

हे वीजघर एकदा तरी आत जाऊन पाहावे. हिरव्या पत्र्याच्या झाकणाआड जनरेटर, भिंतीला टेकवलेली वाळूची लाल बादली, आणि बाजूला 990 लिटरची डिझेलची टाकी. हजाराच्या आत राहिले की नियमांची बरीच कटकट वाचते, म्हणून 990. आपल्या सभासदांना कायद्याचे किती बारीक भान आहे, ते या दहा लिटरांत दिसते. आतल्या ऑपरेटरच्या गळ्यात कानातले बोळे दोरीला लोंबत असतात. झाकणापासून एक मीटरवर 75 डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये असा दंडक आहे. तो पाळला जातो. झाकण उघडून काम करणाऱ्याचा कान एक मीटरवर नसतो, हा त्याचा वैयक्तिक प्रश्न.

बेटाला घटनाही आहे. दोन बेडरूमच्या फ्लॅटला डीजीवर एक केव्हीए, तीन बेडरूमला त्याहून जास्त, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या घरांना आणखी जास्त. सर्व नागरिक समान असे इथे कोणी म्हणत नाही, त्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही. डीजीवर गीझर लावायचा नाही, एसी लावायचा नाही. कोणी लावलाच तर त्याच्या घरचा पुरवठा तुटतो आणि दोन मिनिटांत ग्रुपवर मजकूर झळकतो: ‘प्लीज, डीजीवर गीझर कोणी लावला?’ देशाच्या विजेबद्दल या ग्रुपवर एवढ्या तळमळीने कोणी लिहिल्याचे पाहण्यात नाही.

दराच्या बाबतीतही बेट पुढारलेले आहे. बाहेरची वीज युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडते. एक लिटर डिझेल जाळले की साडेतीन-चार युनिटे हाती लागतात. म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च चौपट. देखभाल, तेल, फिल्टर आणि ऑपरेटरचा पगार वेगळा. बाहेरच्या विजेवर चार आण्यांची वाढ सुचवायची तर कर्नाटक विद्युत नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि मग कारणांसहित लांबलचक आदेश निघतो. आपल्याकडे सर्वसाधारण सभेत खजिनदार नवा दर वाचतात, चहा येतो, हात वर होतात. आयोगाच्या सुनावणीला आपल्यापैकी कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. तिथे शेतकरी, लघुउद्योजक आणि कागदांची पिशवी घेऊन आलेला एखादा निवृत्त अभियंता भांडत असतो. त्यांना वेळ आहे.

बाहेरची वीज तर आता कित्येकांना फुकटच मिळते. गृहज्योती योजनेत 2023पासून महिन्याला 200 युनिटांपर्यंतच्या घरगुती वापराचे बिल सरकार भरते. योजनेला उत्पन्नाची अट नाही, म्हणून आपल्यातल्या अनेकांनीही नाव नोंदवले. सरकारने एवढ्या प्रेमाने देऊ केलेले नाकारून त्याला दुखवणे बरे दिसले नसते. जी वीज फुकट मिळते तिच्यावर भरवसा नाही, आणि जिच्यावर भरवसा आहे तिला चौपट मोजायची तयारी आहे. यात विसंगती शोधणाऱ्यांना अर्थशास्त्र कळत नाही.

या प्रदेशाचा इतिहास पाहिला तर ही प्रगती अचानक झाली नाही, हे ध्यानात येते. शिवनसमुद्रला 1902 साली कावेरीच्या पाण्यावर वीज निघाली, ती तारांवरून दीडशेच्या आसपास किलोमीटर धावून पहिल्यांदा कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. बंगळुरूच्या रस्त्यावर दिवा लागायला 1905 उजाडले. आधी सोने, मग माणसे, हा क्रम इथे सुरुवातीपासूनच ठरलेला आहे. आपण फक्त त्याला फ्लॅटच्या चौरस फुटांत बसवले. पुढे मधल्या पिढ्यांनी उलटे खूळ घेतले. 1957 साली वीज मंडळ काढले, गावोगाव खांब रोवले, ज्याच्याकडून खर्च निघणार नाही त्याच्याही शेतात तार नेली. 1999 साली मंडळाचे महामंडळ झाले, 2002 साली वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या आणि बंगळुरूसह आसपासचे जिल्हे बेस्कॉमच्या वाट्याला आले. सगळा खटाटोप कशासाठी, तर एकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडलेली असावी म्हणून.

या खुळाचा कळस गाठला गेला तो सोलापुरात. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली, आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडबरोबर एका ठेक्यात, 50 हर्ट्झवर, चालू लागले. तोवर दक्षिणेतली राज्ये विजेच्या हिशेबात वेगळीच होती. उत्तरेशी देवाणघेवाण करायची तर वीज आधी डीसी करून मगच पलीकडे न्यावी लागे. उद्यान एक्सप्रेस ज्या सोलापूर-रायचूरवरून आपल्यापैकी अनेकांना बॅगा आणि शेंगाचटणीसकट इथे घेऊन आली, त्याच बाजूने देशाची वीजही दक्षिणेला येऊन मिळाली. सोलापूरकरांना याचा अभिमान वाटणे समजू शकते. आपण मात्र त्या तारेच्या या टोकाला येऊन काय केले? तिला कंपाउंडच्या भिंतीशी थांबवले, आत एक स्विच बसवला, आणि ती गेली तरी आपले अडणार नाही अशी तजवीज केली. देश जोडायला शंभरावर वर्षे लागली. आपल्याला एक बिल्डर आणि एक ब्रोशर पुरले.

जोडलेपणाचे तोटे आहेतच, हे न्यायाने मान्य करावे लागेल. जुलै 2012मध्ये उत्तरेचे ग्रिड कोसळले, कोट्यवधी लोक अंधारात गेले, आणि दक्षिण वाचली ती तेव्हा वेगळी होती म्हणूनच. हा दाखला सभेत दरवर्षी दिला जातो. त्याला जोड म्हणून आता श्रीलंकेचाही देता येईल. खरे बेट, चहूबाजूंनी समुद्र, आणि तरी तिथल्या लोकांनी सगळ्या बेटाला एकच जाळे ठेवले. 9 फेब्रुवारी 2025 रोजी पानदुराच्या उपकेंद्रात एक माकड शिरले आणि अख्ख्या देशाची लाइट गेली. मंत्र्याची गेली आणि मच्छीमाराचीही गेली. तिथल्या ऊर्जामंत्र्यांना पत्रकारांपुढे माकडाचे नाव घ्यावे लागले. इतकी समता आपल्याला परवडणारी नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत तो प्रकार करायचा तर प्रत्येक सोसायटीमागे एक माकड लागेल, आणि तेवढी माकडे कंत्राटी पद्धतीनेही मिळणे कठीण.

मुंबईचे उदाहरण काही लोक देतात. तिथे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, पुढे उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, असा चार दुकानांचा कारभार. तरी बाहेर राज्यात काही बिनसले तर मुंबईचे जाळे अलग करून शहरातल्या विजेवर शहर चालते ठेवायचे, अशी योजना 1981पासून आहे. अभियंते तिला आयलँडिंग म्हणतात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी ती वेळेवर लागू पडली नाही, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांनी मथळे दिले, चौकशा लागल्या. कारण ते बेट सगळ्यांचे होते. आपले आयलँडिंग एवढे बारीक आहे की ते फसले तर ‘डी ब्लॉक’पुरतेच फसते, आणि चौकशीला इलेक्ट्रिशियन पुरतो.

भिंतीपलीकडच्या विजेची बातमी आपल्याला अगदीच नसते असे नाही. ती आणणारी यंत्रणा रोज सकाळी सात वाजता हजर होते. आमच्या पोळ्यांच्या ताई दोड्डतोगूरच्या गल्लीत एका खोलीत राहतात. पोळी तव्यावर टाकता टाकता त्या सांगतात, रात्री बारापासून लाइट नव्हती, पंखा बंद, डासांनी फोडून काढले, लेकरू झोपले नाही. तेव्हा आपल्याला कळते की रात्री लाइट गेली होती. महिनाअखेर मीटरमधल्या डीजीच्या रकान्यावरून ते ताडूनही पाहता येते. ताईंची खोली आणि आपली बेडरूम यांत अंतर आहे एका भिंतीचे आणि एका नाल्याचे.

धुराचीही नीट सोय आहे. जनरेटरच्या धुरांड्याची उंची किती असावी याचे सूत्र ठरलेले आहे: ज्या इमारतीत जनरेटर बसवला तिची उंची, अधिक केव्हीएच्या वर्गमुळाचा पाचवा भाग, मीटरमध्ये. 500 केव्हीएला इमारतीच्या वर साडेचार मीटरच्या आसपास. आता इमारत म्हणजे पंधरा मजल्यांचा टॉवर, की मागच्या कोपऱ्यात जनरेटरसाठी बांधलेली बुटकी खोली, हे ज्याने त्याने सूत्र वाचून ठरवावे. मागचा कोपरा गल्लीच्या बाजूला असतो. तिथे एक शिंपी आहे, एक पिठाची गिरणी आहे आणि ओळीने पीजी आहेत. म्हणजे लाइट गेली की त्यांना अंधार मिळतो आणि आपल्या उजेडाचा धूरही मिळतो. शेजारधर्म म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

विजेची तक्रार करायला 1912 हा क्रमांक आहे. तो गल्लीतल्या शिंप्याला पाठ आहे. आपल्यापैकी किती जणांना आहे, असा खोचक प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की आपल्याकडून तक्रारी न आल्याने व्यवस्थेवरचा ताण केवढा कमी होतो. चांगले इंग्रजी बोलणारे, ईमेल लिहिणारे, ओळखीपाळखीचे, मंत्र्यांना ट्विटरवर टॅग करणारे असे हजारो ग्राहक वीज गेल्यावर एक शब्दही काढत नाहीत. कोणत्याही वीज कंपनीला हेवा वाटावा असा हा समंजसपणा. फीडर पुन्हा पुन्हा ट्रिप होतो, असे ओरडायला मागे उरतो तो शिंपी, आणि त्याचे म्हणणे कन्नडात एका ओळीत संपते. 2023 साली पावसाने ओढ दिली, ऑक्टोबरात राज्यात विजेचा तुटवडा पडला, पंपांना मिळणारे तास घटले म्हणून शेतकरी रस्त्यावर आले. त्या महिन्यात आपल्या ग्रुपवर दांडियाच्या साउंडसिस्टिमसाठी डीजी किती वाजेपर्यंत चालू ठेवावा यावर सविस्तर आणि सभ्य चर्चा झाली.

हा गुण आपण कुठून उचलला, हेही पाहिले पाहिजे. राज्य सरकारच्या केऑनिक्स महामंडळाने 1978 साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या 332 एकरांवर ही वसाहत उभी करायला घेतली, आणि महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांनी तेव्हाच बंगळुरू भारताची सिलिकॉन व्हॅली होईल असे स्वप्न पाहिले होते. खडकाळ माळावर कंपन्या आल्या, आणि बाहेरच्या विजेवर विसंबून परदेशातले काम करता येत नाही म्हणून त्यांनी आपापले जनरेटर आणले. तेव्हा ती गरज होती. गरज टिकून राहिली की तिची प्रतिष्ठा होते, आणि प्रतिष्ठा झाली की ती ब्रोशरवर ‘शंभर टक्के पॉवर बॅकअप’ म्हणून छापून येते, जलतरण तलावाच्या वर आणि मंदिराच्या खाली. 2013 साली वसाहतीला स्वतःचे औद्योगिक नगर प्राधिकरणही मिळाले. त्याच सुमारास मोठ्या ग्राहकांना आणखी एक वाट सापडली. 2003च्या वीज कायद्याने स्वतःपुरती वीज स्वतः तयार करायला परवान्याची अट ठेवलेली नाही, आणि एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला वीज दुसरीकडून विकत घेण्याचीही मुभा आहे. मोठा ग्राहक जास्त दर भरायचा, त्यातून लहानाचा दर खाली राहायचा, अशी जुनी रीत होती. मोठा निघून गेला की लहानांनी आपसांत वाटून घ्यायचे. स्वावलंबनाचा धडा शेवटी त्यांनाही मिळायला नको का?

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एका परदेशी वीज कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितात. तिकडच्या एखाद्या गावात वादळाने तार तुटली की कोणत्या गल्लीतली किती घरे अंधारात आहेत आणि लाइट किती वाजता येईल, हे त्यांचा प्रोग्रॅम ग्राहकाला मिनिटाच्या हिशेबात कळवतो. फार अचूक आहे म्हणतात. रात्री उशिरापर्यंत ते काम चालते, बऱ्याचदा डीजीवर.

एका बाबतीत मात्र सोसायटीची निराशा झाली. मागे सगळ्यांच्या उत्साहाने गच्चीवर सौर पॅनल बसवले. कल्पना अशी की बाहेरची लाइट गेली, तरी निदान दिवसा सूर्यावर भागेल. पहिल्याच दुपारी लाइट गेली आणि लखलखीत उन्हात पॅनलही बंद. तंत्रज्ञ आला, त्याने समजावले: हे ग्रिडला जोडलेले आहे, ग्रिड मेले की याने थांबायचे असते, मुद्दाम तसे बनवलेले असते, कारण त्या वेळी बाहेर खांबावर लाइनमन चढलेला असेल, आणि याने तारेत वीज सोडली तर तो मरेल. सभासद काही वेळ गप्प राहिले. कधीही न पाहिलेल्या लाइनमनचा विचार आपल्या मालकीचे, आपल्या पैशाने घेतलेले यंत्र करते आणि आपल्याला भर उन्हात डिझेल जाळायला लावते, हे पचायला जड होते. मग कोणी तरी वॉरंटीबद्दल विचारले आणि चर्चा पुढे सरकली. पॅनल अजून आहेत. त्यांच्याखालच्या सावलीत पापड छान वाळत नाहीत, एवढीच सध्या तक्रार आहे.

तेव्हा कार्यकारिणीचा कल पुन्हा डिझेलकडे आहे. येत्या सभेपुढे दुसऱ्या जनरेटरचा ठराव येतो आहे: पहिला बंद पडला तर असावा म्हणून, जनरेटरचा जनरेटर. वर्गणी चौरस फुटाप्रमाणे आहे. भाडेकरूंना मत नाही, पण घरमालकांनी ती भाड्यात धरायला हरकत नाही. ठरावाला निमित्त झाले ते मेमधल्या एका संध्याकाळचे. जनरेटर सर्व्हिसिंगसाठी उघडून ठेवलेला असताना बाहेरची लाइट गेली आणि दोन तास आली नाही. लिफ्ट बंद, वाय-फाय बंद. माणसे मोबाइलचे टॉर्च लावून जिन्याने खाली उतरली. कठड्यावर बसून बोलत राहिली. सात वर्षे एका मजल्यावर राहणाऱ्या दोघांना आपण दोघेही बार्शीचे आहोत हे त्या दिवशी कळले. फाटकाबाहेर गल्लीतली मंडळी उभी होती; त्यांतल्या कोणी तरी मेणबत्त्या आणून दिल्या, आणि कोणाच्या तरी फोनवरून एकदाचा 1912 लागला. असा प्रसंग पुन्हा येऊ नये, यावर कार्यकारिणीचे एकमत आहे.